वन्सं, भोंगा वाजलाय!

पानाताईंना गोल्फच्या मैदानावर पहिल्यांदा बोलावलं ते खेळायला नव्हे, पाणी काढायला. आठव्या होलच्या ग्रीनवर, म्हणजे जिथे चेंडू भोकात घालायचा त्या गुळगुळीत हिरवळीवर, पावसाचं पाणी चार-चार दिवस तुंबून राहायचं. तीन कारागीर येऊन माना हलवून गेले होते. मग कुणीतरी सुचवलं, कोपऱ्यावरच्या प्लंबरबाईंना विचारून बघा.

नळकाम त्यांच्या घरात वडिलांपासून होतं. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा थोरल्या लेकीने त्यांची हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, आणि "दोन-चार महिने बघते" म्हणता म्हणता त्यात तिची वीस वर्षं गेली. हातात कायम पाना, म्हणून त्या पानाताई. खरं नाव मतदार यादीत होतं आणि तिथेच राहिलं.

त्या दिवशी त्यांनी चपला काढल्या आणि त्या हिरवळीवर अनवाणी फिरल्या. जिथे पाय किंचित रुतला तिथे खूण केली, खणलं, तर खाली जुना खापराचा पाइप, आणि त्यात झाडाचं मूळ असं गच्च भरलेलं, जणू बाटलीत बूच. दोन दिवसांत नवा पाइप पडला, ग्रीनच्या मागे छोटं चेंबर बांधून झालं, आणि बादलीभर पाणी ओतलं तर ते बघता बघता पळालं. मैदान सांभाळणारे म्हातारे माळीबुवा इतके खूश झाले की त्यांनी ताईंच्या हातात एक काठी दिली. "एक फटका मारून बघा."

ताईंनी काठी पान्यासारखीच धरली आणि फिरवली. गंजलेले नट सोडवून मनगटात जोर होताच. चेंडू जो उडाला तो माळीबुवांच्या खोपटावरून पलीकडे गेला. माळीबुवा तो शोधायला गेले आणि ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या, चेहऱ्यावर हसू, पायांत चिखल.

घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला एक खेळ सापडलाय."

"कुठे?"

"गटारात."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. अबोल, सावकाश माणूस. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बसलेला. बायकोच्या मागोमाग तोही मैदानावर जायला लागला. तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्याने उचलणारा हा माणूस, पण दीड फुटावरचा चेंडू काही त्याचं ऐकायचा नाही. त्याचं त्याला काही वाटत नसे. "चेंडूला चावी देता येत नाही," एवढंच म्हणायचा आणि पुढे चालायचा.

क्लब काही बड्या लोकांचा नव्हता. नऊच होल, तेच दोनदा खेळून अठरा करायचे. खेळणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर, एक टायपिस्ट बाई, एक बस कंडक्टर, असे सगळे आपापली कामं सांभाळून येणारे. दहा वर्षांत पानाताई तिथल्या संघाच्या कॅप्टन झाल्या. कुणी निवडणूक घेतली नाही. कुणालाही अडचण आली की लोक त्यांच्याकडेच बघायचे, म्हणून त्या कॅप्टन.

आणि दरवर्षी सामना असायचा तो शेजारच्या गावच्या क्लबशी, ज्याची कॅप्टन होती पानाताईंची थोरली नणंद.

नणंदबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला कुणी खोकलं तरी त्यांच्या एका "शू"ने गप्प व्हावं. भावावर त्यांचा जीव होता, भावजयीचंही कौतुक होतं. पण सामन्याच्या दिवशी नातं गाडीतच ठेवून खाली उतरायच्या. आदल्या वर्षी त्यांच्या मैदानावर सामना होता आणि पाऊस धो धो कोसळत होता. पानाताई म्हणाल्या, "वन्सं, थांबू या थोडं."

"का? साखरेची आहेस का तू, विरघळायला?"

मग काय, खेळले. कंडक्टरसाहेबांची काठी ओल्या हातातून सुटून झाडावर अडकली. टायपिस्टबाईंचा चेंडू डबक्यात तरंगत इकडून तिकडे गेला आणि तो नेमका कुठून खेळायचा यावर वीस मिनिटं वाद झाला. मध्येच आभाळ कडाडलं तेव्हा पानाताईंचा संघ घाबरून झोपडीत पळाला आणि वन्संचा संघ तसाच खेळत राहिला. चषक वन्संनी नेला. त्यानंतर दोन्ही घरांत महिनाभर फोन झाला तो फक्त "तब्येत बरी ना?" एवढ्यापुरता.

यंदा सामना पानाताईंच्या मैदानावर होता. त्यांनी महिनाभर आधीच कागद घेतला आणि पावसाचे नियम लिहून काढले. नुसता पाऊस असेल तर खेळायचं. गडगडाट ऐकू आला की यजमान कॅप्टन एक लांब भोंगा वाजवेल. भोंगा वाजला की जो जिथे असेल तिथे थांबेल, चेंडूच्या जागी खूण ठेवेल आणि आत येईल. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी बाहेर पडायचं नाही. अंधारापर्यंत लढत संपली नाही तर ती बरोबरीत धरायची. हा कागद घेऊन त्या स्वतः वन्संच्या शाळेत गेल्या.

वन्संनी लाल पेनाने दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि सही केली. "भोंगा तुझ्या हातात, म्हणजे तू हरायला लागलीस की वाजवशील!"

"वन्सं, वाजवायचा तेव्हा जिंकत असले तरी वाजवीन."

"बघू," वन्सं म्हणाल्या.

सामन्याला आठवडा उरला असताना पानाताईंचा एका गच्च बसलेल्या व्हॉल्व्हवर पाना घसरला आणि उजव्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. कोपरापर्यंत प्लास्टर! आठ खेळाडूंच्या संघातून कॅप्टनच बाद. राखीव खेळाडू एकच होता, आणि तो घरातच होता.

"मी?" घड्याळवाल्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "अगं, मी कुणाशी खेळणार?"

दोन्हीकडच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि घड्याळवाल्यांच्या वाट्याला शेवटची लढत आली. समोर त्यांची थोरली बहीण.

सामन्याच्या दिवशी सकाळी ऊन होतं. पण पानाताई क्लबच्या मोरीपाशी क्षणभर थांबल्या आणि त्यांनी नाक मुरडलं. हवेचा दाब उतरला की गटारांचा वास वर येतो, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नव्हतं. त्यांनी लगेच कपाट उघडलं. सोळा जणांसाठी बत्तीस सुके टॉवेल, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकेक जादा हातमोजा, काठ्यांच्या पिशव्यांवर घालायला जुने पडदे शिवून केलेल्या टोप्या. हे सगळं त्यांनी डाव्या हाताने ढकलगाडीत भरलं.

दुपारी भुरभुर सुरू झाली. ताई गाडी ढकलत मैदानभर हिंडल्या. "मूठ आधी पुसा, मग मारा. जोर कमी लावा. ओलं गवत चेंडू धरतं, तेव्हा एक नंबर मोठी काठी घ्या." हे त्या आपल्या माणसांना सांगत होत्या तसंच पलीकडच्यांनाही सांगत होत्या. वन्संच्या संघातल्या एका जाडजूड गृहस्थांना त्यांनी सुका मोजा दिला तेव्हा ते संकोचून म्हणाले, "अहो, मी तुमच्या विरुद्ध आहे."

"हात तर तुमचाच आहे ना ओला? घ्या."

एकेक लढत संपत गेली. गोल्फमधल्या या लढतीचा हिशेब सोपा असतो: ज्याने कमी फटक्यांत चेंडू भोकात घातला, तो होल त्याचा, जास्त होल ज्याचे, ती लढत त्याची. साडेतीनच्या सुमाराला सात लढती झाल्या होत्या. तीन यांच्या, तीन त्यांच्या, एक बरोबरीत. आता सगळं त्या बहीण-भावावर येऊन ठेपलं. तीही बरोबरीत सुटली असती तर चषक गेल्या वर्षीच्या विजेत्यांकडे, म्हणजे वन्संकडेच राहिला असता. मोकळे झालेले चौदाजण छत्र्या उघडून त्यांच्या मागे निघाले.

आणि घड्याळवाले त्या दिवशी कसे खेळत होते! कुणाचा विश्वास बसेना, त्यांचा स्वतःचाही. सोळा होल झाले तेव्हा ते एका होलने पुढे होते. सतरावा होल म्हणजे दुसऱ्या फेरीतला आठवा, तीच ती पानाताईंनी कोरडी केलेली ग्रीन. वन्संनी पाचव्या फटक्यात चेंडू भोकात घातला. घड्याळवाल्यांचा चौथा फटका बाकी होता आणि चेंडू भोकापासून हातभर अंतरावर. तो आत गेला की दोन होलची आघाडी, खेळायला उरणार एकच. म्हणजे लढत, सामना आणि चषक सगळं त्या हातभरात.

घड्याळवाले वाकले. चौदा छत्र्या निश्चल. आणि दूर गावच्या पाण्याच्या टाकीच्या बाजूला आभाळ गुरगुरलं.

जेमतेम गुरगुरलं होतं. ऐकू आलं नाही असं म्हणता आलं असतं. पानाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या चौदा छत्र्यांच्या लोखंडी दांड्यांकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने भोंगा तोंडाला लावला.

"अगं!" घड्याळवाले तसेच वाकलेल्या अवस्थेत ओरडले. "हातभर तर आहे!"

"अहो, काठी खाली!"

"एक टिचकी मारतो आणि येतो!"

"खाली म्हटलं ना!"

वन्सं भावजयीकडे बघत राहिल्या. नियमाने प्रतिस्पर्ध्याला "हा चेंडू तुला दिला" असं म्हणून, तो आत गेलाच असं धरून मोकळं होता येतं. त्यांच्या ओठांपर्यंत ते आलं असावं. पण त्या मुख्याध्यापिका होत्या. "वीतभर असता तर दिला असता," त्या भावाला म्हणाल्या. "खूण ठेव आणि चल."

घड्याळवाल्यांनी खिशातून घड्याळाची एक जुनी तबकडी काढून चेंडूच्या जागी ठेवली आणि सगळे पळत सुटले. ते दारात पोचतात न पोचतात तोच पांढराशुभ्र उजेड पडला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दंतवैद्यांच्या हातातली छत्री आपोआप खाली पडली.

मग पाऊस जो ओतायला लागला, त्याला काही सुमार नव्हता. क्लबच्या त्या एका खोलीत सोळा ओले खेळाडू, एक माळीबुवा आणि एक हीटर. हीटरसमोर मोज्यांची रांग लागली. खोलीभर ओल्या लोकरीचा वास भरला. चहा झाला, टोस्ट संपले. कंडक्टरसाहेब खिडकीतून बघत कुरकुरले, "ताई, ती एकच तर वीज पडली. हातभर चेंडू घालून आलो असतो. उगाच थांबवलं."

"उगाच थांबवलं म्हणायला सगळे जिवंत आहात, हे चांगलंच झालं की," पानाताई म्हणाल्या. त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या वन्सं, आणि त्या हसल्यावर सगळी खोली हसली.

थोड्या वेळाने टायपिस्टबाईंनी पॅसेजमध्ये एक रिकामा कप आडवा ठेवला आणि गालिच्यावरून चेंडू ढकलायची शर्यत लावली. दोन्ही संघ मिसळून गेले. जाडजूड गृहस्थांचा चेंडू कपात जाण्याऐवजी बुटात गेला, तर त्यालाही गुण द्यावा की काय यावर मोठी सभा भरली. वन्सं तीन वेळा चुकल्या. चौथ्यांदा चुकल्यावर त्या जमिनीवर बसूनच हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या भावाने बहिणीला असं हसताना तीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं.

पाऊस थांबला. शेवटच्या गडगडाटापासून घड्याळवाल्यांनी स्वतःच्या मनगटावर अर्धा तास मोजला. त्यांच्या घड्याळावर दोन्ही संघांचा विश्वास होता. सगळे बाहेर आले, आठव्या ग्रीनपाशी पोचले आणि थबकले.

ग्रीन नव्हतीच. तळं होतं. झेंड्याची काठी तेवढी मधोमध उभी.

"झालं," कंडक्टरसाहेब म्हणाले. "अंधार पडायला दीड तास. बरोबरी धरा."

पानाताई मात्र डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होत्या. हा पाइप त्यांनी स्वतः टाकला होता. या पाण्याला थांबायचं काही कारण नव्हतं. त्या ग्रीनच्या मागे गेल्या, चेंबरचं झाकण पायाने सरकवलं. आत पाणी काठोकाठ. ग्रीनकडून पाणी आत घेणाऱ्या जाळीचा एक गज तुटला होता. "तोंडाशी काहीतरी अडकलंय. हात घालायला पाहिजे." त्यांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं. डाव्या हाताला तो कोपरा सापडणार नव्हता.

"सरक," मागून आवाज आला.

वन्सं बाही वर करत होत्या.

"वन्सं, अहो, तुम्ही कशाला? पाणी नाही गेलं तर चषक तुमचाच आहे."

"माहीत आहे मला. शाळेत मी एकाही पोराची पावसाची सबब चालवून घेत नाही, आता स्वतःच सांगू? कुठे हात घालू ते सांग."

आणि मुख्याध्यापिका चिखलात उताण्या... नव्हे, पालथ्या पडल्या आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात चेंबरमध्ये घातला. गाल गवताला टेकलेला, चष्मा कपाळावर.

"डावीकडे जा. आता खाली. पाइपची कड लागली?"

"लागली. काहीतरी लिबलिबीत आहे गं."

"पाला असेल. ओढा."

पाल्याचा गोळा बाहेर आला. मग त्या परत आत शिरल्या. "आता गोल लागतंय. कडक. ई! एक नाही, पुष्कळ आहेत."

एकामागून एक वन्संनी सहा गोल्फचे चेंडू बाहेर काढून गवतावर मांडले. प्रत्येकावर शाईने काढलेले दोन इवलेसे काटे होते, दहा वाजून दहा मिनिटं दाखवणारे. सगळ्यांच्या माना घड्याळवाल्यांकडे वळल्या.

"तरी म्हटलं," घड्याळवाले शांतपणे म्हणाले, "जातात कुठे!"

सातवा चेंडू निघाला आणि चेंबरने असा मोठा घोट घेतला की माळीबुवांनी टाळ्याच वाजवल्या. पाणी भोवरा करून निघालं. तेवढ्यात दंतवैद्य वायपर घेऊन आले, जाडजूड गृहस्थांनी झाडू आणला, उरलेल्यांनी बादल्या आणि टॉवेल घेतले. तळ्याच्या एका कडेने सोळा माणसं रांगेत पाणी ढकलत निघाली, कोण कुणाच्या संघातलं हे न बघता. पानाताई मध्ये उभ्या राहून डाव्या हाताने दिशा दाखवत होत्या. "उतार तिकडे आहे, तिकडे! कंडक्टरसाहेब, गाडी मागे घ्या!" झेंड्याजवळची हिरवळ दिसू लागली आणि तिच्यावर ती तबकडी तशीच चिकटून बसलेली सापडली, तेव्हा ओरडा झाला तो दोन्हीकडून.

घड्याळवाल्यांनी चेंडू ठेवला. वाकले. हातभर अंतर. सगळ्यांनी श्वास रोखला.

ओल्या गवतात चेंडू निघाला, चालला, दमला आणि भोकाच्या काठाशी येऊन बसला.

"आई गं!" हे वन्संच्याच तोंडून गेलं.

म्हणजे सतरावा होल बरोबरीत. घड्याळवाले एकाच होलने पुढे, आणि अठरावा बाकी. उजेड पिवळा पडत चालला होता. तो शेवटचा होल कसा खेळला गेला याचं वर्णन कुठल्याही चांगल्या खेळाडूने वाचू नये. वन्संचा चेंडू मऊ मातीत असा रुतला की नुसतं टक्कल दिसत होतं. घड्याळवाल्यांचा गेला तो पाण्याने भरलेल्या वाळूच्या खड्ड्यात. अशा वेळी पाण्यातून चेंडू उचलून कोरड्या जागी कसा ठेवायचा, हा नियम भावाला आठवेना. तो वन्संनी पाठ म्हणून दाखवला, पोटकलमासकट. दोघांनी मिळून मैदानाची एवढी माती उडवली की माळीबुवांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. शेवटी वन्संचे सात झाले. घड्याळवाल्यांचे सहा झाले होते आणि चेंडू भोकापासून पाच पावलांवर. हा घातला तर होल बरोबरीत आणि लढत त्यांची. चुकला तर सगळंच बरोबरीत.

या वेळी ते फार वाकले नाहीत. थांबलेही नाहीत. बायकोकडे बघून एकदा भुवया उडवल्या आणि मारला. चेंडू पाण्याचे बारीक तुषार उडवत गेला, भोकाला वळसा घातल्यासारखा फिरला आणि टप्प आवाज आला.

पानाताईंनी भोंगा वाजवला. सलग तीन वेळा. कोणत्याही नियमात ते बसत नव्हतं. दंतवैद्यांनी कंडक्टरसाहेबांना मिठी मारली, जाडजूड गृहस्थांनी चुकून दंतवैद्यांना मारली. आणि वन्संनी भावाचे दोन्ही कान धरून त्याचं डोकं हलवलं, लहानपणी हलवायच्या तसं. "पाच पावलांवरून घालतोस आणि हातभरावरून चुकतोस! कसला रे माणूस तू!"

चषक देताना वन्सं मोजकंच बोलल्या. पुढच्या वर्षी त्यांच्या मैदानावर हाच कागद लागू होईल आणि भोंगा त्यांच्या हातात असेल, असं त्यांनी जाहीर केलं. मग भावजयीकडे वळून, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मघाशी तुझ्या जागी मी असते ना, तर मी नसता वाजवला गं. खरं सांगते."

"आता वाजवाल," पानाताई म्हणाल्या.

अंगभर चिखल घेऊन वन्संना गावी जाणं शक्यच नव्हतं. त्या भावाच्या घरी आल्या. पानाताईंनी त्यांना आपला सुती गाऊन दिला, टॉवेल दिला आणि चुलीवर दूध ठेवलं. घड्याळवाले चषक खिडकीत ठेवून, जरा मागे होऊन, तो सरळ आहे का ते एक डोळा मिटून बघत होते. पाच मिनिटांत बाथरूममधून शाळेच्या पटांगणावर पोचेल असा आवाज आला.

"अगं पाना! गरम पाण्याचा नळ नुसता फुसफुसतोय! आणि खालून गळतोय!"

पानाताईंनी जीभ चावली. घड्याळवाले चषकाकडे बघतच म्हणाले, "ताई, तो तीन वर्षं गळतोय. प्लंबरला सांगितलंय, पण तिला वेळच मिळत नाही."

"अहो!" पानाताईंनी ओला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला, हत्यारांची पिशवी डाव्या हाताने ओढली आणि दार वाजवलं. "उघडा वन्सं. मी सांगते तसं फिरवा. पाना तुमच्या हातात देते."